मामांची वाट आणि माझे आभार

मामांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी ऐनाच्या झाडाला खिळ्यांनी ठोकला. चार खिळे, चांगले दोन-दोन इंची. खाली उतरून, मान तिरकी करून, सरळ लागलाय का ते पाहिलं आणि स्वतःवरच खूश झालो. तेवढ्यात बायको आली. फ्लेक्सवर तिच्या मामांचा हसरा फोटो, खाली मोठ्या अक्षरात ‘वृक्षप्रेमी’. ती फोटोकडे न बघता खिळ्यांकडे बघत होती.

“अहो, मामांच्या पिशवीत कायम काय असायचं?”

पक्कड असायची. झाडांत ठोकलेले खिळे उपटायला. क्लासच्या जाहिराती, प्लॉटविक्रीच्या पाट्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळ्यांचे खिळे हा माणूस उपटत हिंडला, आणि त्याच्याच श्रद्धांजलीला मी... असो. पुन्हा स्टुलावर चढलो, खिळे काढले, फ्लेक्स सुतळीने दोन बांबूंना बांधला. तो शेवटपर्यंत एका अंगाला कललेलाच राहिला.

किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या हद्दीला टेकलेल्या डोंगराखाली मामांचा पाडा. पाड्यापासून एक पायवाट जंगलातून झऱ्यापर्यंत जाते आणि तिथून वर खिंडीत. पलीकडे उतरलं की मुरबाड तालुका. एप्रिल-मेमध्ये पाड्याचं पाणी म्हणजे तो झरा, दुसरं काही नाही. ही वाट मामांनी जन्मभर सांभाळली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पगार दिला नव्हता. भातकापणी झाली की कुदळ घेऊन निघायचे आणि वाटेत ठिकठिकाणी तिरपे दगड बसवायचे. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा असाच एक दगड मी ‘पायात येतो’ म्हणून लाथेने बाजूला सारला. मामा मागून येत होते. त्यांनी तो उचलला, पुन्हा तिथेच तिरपा बसवला.

“जावयबापू, पाऊस या वाटंनंच धावतो. तिरपा दगड आसला का बाजूला वळतो. नाय तर वाटेचा व्हळ व्हतो.”

पुढे रविवारी कल्याण-मुंबईकडून ट्रेकवाले यायला लागले आणि मामांचं काम वाढलं. गोणपाट घेऊन ते त्यांच्या मागे चालत. कोणी बाटली टाकली की उचलून, पळत जाऊन, हसत परत देत: “ताई, तुमची इसरली.” ताई लाजायच्या. पुढच्या वळणावर पुन्हा टाकायच्या. झऱ्यात मी काय काय पाहिलंय! कोंबडीची हाडं, फुटकी बाटली आणि एकदा बाळाचं वापरलेलं डायपर, फुगून भाकरीएवढं झालेलं. हेच पाणी बायका हंड्यात भरतात. मामांनी ते हाताने काढलं, गाळ उपसला, दिवसभर झरा वाहू दिला आणि संध्याकाळी पहिला पेला स्वतः प्यायले. दुसरा मला दिला. मी म्हणालो, आज उपास आहे. उपासाला पाणी चालतं हे त्यांनी मला सांगितलं नाही, एवढा तो माणूस सभ्य होता.

भरलेलं गोणपाट पाठीवर घेऊन ते खाली उतरायचे तेव्हा नाक्यावरची मंडळी ‘कचरेवाला आला’ म्हणून हसायची. त्याच मंडळींनी आता शोकसभा ठेवली होती. सूत्रसंचालन आणि आभार माझ्याकडे, कारण आमच्या घराण्यात माईकची हौस मला एकट्यालाच आहे.

सभा वाटेच्या तोंडाशीच, दुपारी. पांढरा मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर पाण्याची छोटी बाटली आणि थर्माकोलच्या द्रोणात तेलाने थबथबलेली भजी. आमच्या भागातले एक पुढारी तासभर उशिरा आले. मामांना ‘माझे गुरू’ म्हणाले. त्या गुरूंचा पाडा कोणता हे त्यांना मागे वळून सेक्रेटरीला विचारावं लागलं. मग आवाज चढवून त्यांनी जाहीर केलं: या पायवाटेचा झऱ्यापर्यंत सिमेंटचा रस्ता करू, तोंडाशी मामांच्या नावाची कमान उभारू, ग्रामसभेचा ठराव झाला की जेसीबी लावू!

झऱ्याच्या वरच्या अंगाला फार्महाऊसचे प्लॉट पडलेत आणि ते कोणाच्या मेहुण्याचे आहेत, हे मंडपातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी टाळ्या पडल्या. मला शिसारी आली. आणि त्याहून किळसवाणी गोष्ट म्हणजे माझेही हात टाळ्या वाजवत होते.

पहिल्या रांगेत मामी बसल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं.

“काय बोलला तो, जावयबापू?”

मी वाकून सांगितलं. त्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

“डोंगर खोदला का माती झऱ्यात येल. मंग आमी पाणी कुठलं प्यायाचं?”

“मावशी, नळ येईल की!” पुढारी हसले. “आधी रस्ता, मग नळ.”

“नळ येल तवा येल. झरा आज हाय.”

“मावशी जरा भावुक झाल्यात,” असं म्हणत त्यांनी मामींच्या खांद्यावर थोपटून त्यांना खाली बसवलं आणि माईक माझ्या हातात दिला.

तेव्हा मला बोलता आलं असतं. मामांना शोभेल असं एक वाक्य पुरे होतं. पण खिशात घरून लिहून आणलेला आभाराचा कागद होता, आणि कागद उघडला की माझं तोंड आपोआप चालू लागतं. मंडपवाले झाले, भजीवाले झाले, आणि कागदात नसलेलं एक वाक्य मी उत्साहात स्वतःहून जोडलं: “रस्त्याच्या घोषणेबद्दल साहेबांचे मी कुटुंबाच्या वतीने मनःपूर्वक आभार मानतो.” त्यांच्या माणसाने ते मोबाईलवर नीट टिपून घेतलं.

गाड्या गेल्या. वाटेच्या पहिल्या वळणापर्यंत अर्धवट प्यालेल्या बाटल्या, द्रोण, तेलकट कागद, आणि एका तिरप्या दगडावर कोणीतरी थुंकलेली लालभडक पिचकारी, अजून ओली. मी आणि बायको गोळा करत होतो. द्रोणांतलं थंड तेल कोपरापर्यंत ओघळलं, ते मी सदऱ्यालाच पुसलं. मामी थांबल्या नाहीत. डोक्यावर हंडा घेऊन त्या वाटेने झऱ्याकडे निघून गेल्या होत्या.

“अगं, सभेत असं बोलावंच लागतं,” मी म्हणालो. “त्याला काही अर्थ नसतो.”

बायकोने गोणपाटाचं तोंड बांधलं.

“अर्थ नसता तर त्यांनी मोबाईलवर घेतलं नसतं. उद्या तेच दाखवतील, घरच्यांची परवानगी आहे म्हणून. सोमवारी ग्रामसभा आहे. मी आणि मामी पाड्यातल्या सगळ्या बायकांना घेऊन जाणार. तुम्हीही यायचं, आणि कुटुंबाच्या वतीने उभं राहून सांगायचं की मी शोकसभेत खोटं बोललो. कागदावर लिहून आणू नका, चार शब्द आहेत, तोंडपाठ होतील.”