आर्डिथ वेनिंगचा डावा डोळा

शाळेचं बँडपथक फुटबॉलच्या मैदानात उतरलं, की शंभर छात्यांवरच्या तिरप्या पट्ट्या एका रेषेत दिसल्या पाहिजेत. एक पट्टी अर्धा इंच घसरली तरी थेट वरच्या बाकावरून कळतं. ओहायोतल्या आमच्या गावात, नीकॅम्पच्या गणवेशांच्या शिवणखोलीत, त्या पट्ट्या शिवायचं काम आर्डिथ वेनिंगने एकतीस वर्षं केलं. त्यातली शेवटची नऊ वर्षं एका डोळ्याने.

उजव्या डोळ्याच्या आत सूज आली होती. तेव्हाच्या डॉक्टरने आधी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काही झालं नाही आणि डोळा गेला. मग इंजेक्शन सुरू झालं. दर दुसऱ्या शुक्रवारी ती स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःच्या पोटाला टोचून घ्यायची आणि मग भांडी घासायची. त्या इंजेक्शनवर डावा डोळा शाबूत होता.

मी रोझान. तिच्या शेजारच्या घरात राहते. शाळा मी अर्ध्यावर सोडली, वीस वर्षं हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या. आईच्या ऑपरेशनला विमा कंपनीने नाही म्हटलं, तेव्हा रागाच्या भरात नियम वाचायला शिकले. आता दर शनिवारी लायब्ररीत टेबल टाकून बसते. कंपनीने ज्यांना परत पाठवलं ते माझ्याकडे येतात. वकील मला घाबरत नाहीत, पण कंपनीच्या फोनवरच्या पोरी घाबरतात. निदान मला तसं वाटायचं.

ऑक्टोबरात मालक डेल नीकॅम्प कॉफीच्या मशीनपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "सगळ्यांचा मिळून एक विमा मला आता झेपत नाही. जानेवारीपासून मी प्रत्येकीला महिन्याला ठरावीक रक्कम देईन. बाजारात जा, आपापला प्लॅन निवडा. तुमची मर्जी, तुमचा प्लॅन."

आर्डिथ शिलाईमशीनवरून उठलीच नाही. "डेल, तू या टेबलाखाली रांगत होतास तेव्हा खाली पडलेलं काहीही तोंडात घालायचास. आम्ही बोट घालून काढायचो. आता तुझ्या तोंडात हे कोणी घातलं?"

सगळ्या हसल्या. डेलही हसला, पण रक्कम काही वाढली नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्या बायका युकर खेळतात, पत्त्यांचा डाव. नोव्हेंबरचे दोन आठवडे पत्ते कपाटात गेले आणि त्या टेबलावर प्लॅनचे कागद पसरले. कुणी हप्ता बघत होती, कुणी आपला डॉक्टर यादीत आहे का ते. आर्डिथने दहा मिनिटांत निवडलं. कंपनी आधीचीच, कार्डावरचा निळा पक्षीही तोच.

"ओळखीचं माणूस बरं," ती मला म्हणाली. "माझी सगळी फाइल त्यांच्याचकडे आहे. नवीन लोकांना पहिल्यापासून रामायण कोण सांगत बसणार?"

मी कागद बघितले आणि बरोबर आहे म्हटलं. आम्ही इथली माणसं अशीच. आजोबांनी हिरवा ट्रॅक्टर घेतला असेल तर नातू लाल ट्रॅक्टरकडे वळूनही बघत नाही. चर्चमधला बाकसुद्धा तिसऱ्या पिढीत तोच. ओळखीच्या नावाने आपल्याला ओळखलं पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आठ जानेवारीला ती औषधाच्या दुकानातून रिकाम्या हाताने थेट माझ्याकडे आली. बर्फ झाडायलाही दारात थांबली नाही.

"इंजेक्शनला कंपनीची पूर्वमंजुरी पाहिजे म्हणे. नव्याने."

"पण कंपनी तीच आहे ना?"

"कंपनी तीच, पण प्लॅन दुसरा, म्हणून मी दुसरी. जुनी मंजुरी डेलच्या विम्याबरोबर गेली."

तिचं पुढचं इंजेक्शन सोळा तारखेला होतं, आणि स्वतःच्या खिशातून घ्यायचं तर हजारो डॉलर. त्याच दुपारी तिच्या डॉक्टरांच्या नर्सचा तिला फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. नर्स म्हणाली, "अर्ज पाठवलाय. तातडीचा म्हणूनही पाठवता येईल, फक्त तुम्ही हो म्हणा. आणि फ्रिजमध्ये नमुन्याचं एक इंजेक्शन पडलंय. येऊन घेऊन जा, पैसे लागणार नाहीत." डेटनपर्यंत दीड तासाचा रस्ता. मी गाडी काढली असती.

पण मी काय केलं ते सांगते. मी हात हलवून तिला नको म्हणाले.

यंदापासून सरकारचा नवा नियम लागला होता. पूर्वमंजुरीच्या अर्जाचं उत्तर सात दिवसांत द्यायचं, नाही म्हणायचं तर कारण लिहून द्यायचं. त्या नियमाच्या बातमीचं कात्रण मी माझ्या टेबलावर चिकटवलं होतं. इतकी वर्षं आम्ही ओरडलो, तेव्हा कुठे हे पदरात पडलं होतं. मी आर्डिथला म्हटलं, "तातडीचा नको, साधाच अर्ज राहू दे. नियमाप्रमाणे पंधराला उत्तर येईल, सोळाला तू टोचून घेशील. आणि नमुना घेतलास तर ते म्हणतील, बघा, हिचं फुकटात भागतंय. हक्काचं आहे ते हक्काने घ्यायचं."

तिला हे पटायला वेळ लागला नाही. ती वेनिंगांच्या घरातली. नवरा गेला तेव्हा चर्चच्या बायकांनी नूडल्स आणि चिकनची भांडी भरून आणली, तर हिने प्रत्येकीचं भांडं काही ना काही भरून परत केलं. फुकटचं तिच्या घशाखाली उतरत नसे. ती नर्सला म्हणाली, "कुणा गरजवंताला द्या ते."

पंधरा तारीख आली. उत्तर आलं नाही. सोळाही गेली.

सतराला मी कंपनीला फोन लावला आणि पाऊण तास ते वाद्यसंगीत ऐकलं. मग एक पोरगी फोनवर आली.

"सात दिवस झाले," मी म्हटलं. "नियम वाचलाय का तुम्ही लोकांनी?"

"मॅडम, तो नियम तुमच्या प्लॅनला लागू असो वा नसो, तो तपासण्या आणि ऑपरेशनसाठी आहे. औषधांसाठी नाही."

"कुणी सांगितलं?"

"नियमातच लिहिलंय, मॅडम."

मी तिला खूप बोलले. ती ऐकत राहिली. ती मला घाबरलेली नव्हती, तिला फक्त सवय होती. फोन ठेवून मी मूळ नियम उघडला. कात्रणात नसलेली ओळ तिथे होती. औषधं वगळून. मी नियम वाचणारी बाई, आणि मी बातमी वाचून थांबले होते.

नर्सला फोन केला. ती म्हणाली, "नमुना तर गेला हो. आर्डिथबाईच म्हणाल्या ना, गरजवंताला द्या? आता तातडीचा अर्ज करते."

बावीस तारखेला उत्तर आलं. नामंजूर. कारण लिहून दिलं होतं, व्यवस्थित. रुग्णाने आधी स्वस्तातल्या गोळ्या घेऊन पाहाव्यात, त्यांनी गुण आला नाही तर इंजेक्शनचा विचार करू. त्याच गोळ्या, ज्यांच्यावर तिचा उजवा डोळा गेला होता. तो जुना डॉक्टर कधीच दवाखाना बंद करून फ्लोरिडाला गेला होता, आणि त्याची कागदपत्रं होती फक्त निळ्या पक्ष्याच्या जुन्या खात्यात. नव्या खात्याला ती दिसत नव्हती.

"म्हणजे त्यांच्याकडेच आहे," आर्डिथ म्हणाली, "आणि त्यांच्याकडे नाही."

आम्ही ते कागद त्यांच्याचकडून मागवले आणि त्यांनाच परत पाठवले.

जानेवारी संपताना डेलने एक गणवेश हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. पट्टी खांद्यापाशी बरोबर होती, कमरेपाशी बोटभर बाहेर. त्याने तो तसाच खाली ठेवला. आर्डिथने विचारलं, "किती?"

"थोडीशीच."

"डेल, किती?"

"बोटभर."

तिने शिवण उसवायला घेतली. आधी कात्रीचं टोक टाक्यात जाईना. मग शेजारच्या बाईने तिच्या हातातून कापड काढून घेतलं.

मंजुरी अकरा फेब्रुवारीला आली. अभिनंदन असं छापलेलं पत्र होतं. तिने त्याच दिवशी टोचून घेतलं. डेटनला डॉक्टर बराच वेळ डोळ्यात दिवा धरून बघत राहिले. म्हणाले, "सूज उतरेल. पण जे गेलं ते परत येणार नाही. कडेचं दिसेल, समोरचं नाही. गाडी चालवणं बंद करा."

डेलने तिला खोक्यात टोप्या भरायचं काम दिलं. पगार तोच ठेवला, म्हणून मी त्याला शिव्या देत नाही. तीन आठवडे तिने ते केलं. एक दिवस तिने निळ्या गणवेशाच्या शाळेच्या खोक्यात हिरव्या टोप्या भरल्या, त्या शेजारच्या इंडियाना राज्यातून परत आल्या, आणि ती स्वतःच म्हणाली, पुरे. निरोपाला केक होता. युकरचा एक डाव तिला खेळायला बसवलं, शेजारची बाई तिच्या कानात पत्ते सांगत होती. अर्ध्या डावात ती उठली.

आता रविवारी मी तिला चर्चला नेते. मला चर्चचं वेड नाही, पण नेते. परवा गाडीत मी सांगितलं सगळं. कात्रणाचं, न वाचलेल्या ओळीचं, हात हलवून नको म्हटल्याचं. तिला हे माहीतच होतं. ती मान थोडी वळवून, कडेने माझ्याकडे बघत होती. हल्ली ती तसंच बघते.

"रो, एक सांग. त्या दिवशी नमुना नको म्हणालीस, तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर मी होते की कंपनी?"

माझ्यापाशी उत्तरं पुष्कळ होती. तिच्यासाठीच म्हटलं, नियमासाठी म्हटलं, सगळ्यांसाठी म्हटलं. चौक ओलांडेपर्यंत मी ती मनात लावून बघितली.

"कंपनी," मी म्हटलं.

"हं."

चर्चपाशी मी दार उघडून हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. कठडा चाचपला, पायाने पहिली पायरी शोधली, आणि पाठ ताठ ठेवून, एकेक पायरी करत वर गेली. पुढच्या रविवारी किती वाजता यायचं, ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.