जिच्या नावानं आंघोळ केली

२०२३ साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. शाळा दुसरीपर्यंत, पण शेळगावात माझा शब्द कुणी खाली पडू दिला नाही, हे आधीच सांगतो.

नात बारामतीला कॉलेजात शिकते. म्हणाली, "आबा, पिक्चरला चला."

"देवाचा हाय का?"

"माणसांचा हाय. तुमाला जरा जड जाईल."

मला जड जाईल म्हटल्यावर मी निघालोच.

दुपारचा खेळ. सगळी पोरंपोरी. पडद्यावर एक पोरगी दुसऱ्या जातीच्या पोराबरोबर निघून जाते. मग तिचा बाप विहिरीवर जातो आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तिच्या नावानं आंघोळ करतो. म्हणजे आमच्यासाठी मेली. पहिला तांब्या डोक्यावर पडला तसा मागनं एक पोरगा ओरडला, "म्हाताऱ्या, साबण घे की!" सगळं थेटर हसलं. नात तेवढी हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

कारण ती आंघोळ मी केलेली. आमच्याच विहिरीवर, भावकीतली चार माणसं उभी करून. अठरा वर्षं झाली. माझी लेक पळसदेवला, मासे धरणाऱ्यांच्या घरात आपल्या मनानं लग्न करून गेली. भावकीसमोर बोललो, त्या घरचं पाणीसुद्धा पिणार न्हाय. पुढं तिची आई वारली तेव्हा लेक आली होती. मी तिला रस्त्यावरूनच परत लावलं. मेलेलं माणूस मयताला येत न्हाय, म्हणालो. कुणी आडवं बोललं नाही. मला तेव्हा तो मान वाटला.

परतताना एसटीत नातीला विचारलं, "मुद्दाम आणलंस व्हय?"

"व्हय. आत्याला भेटते मी. दर खेपेला इचारती, आबा नीट जेवतात का."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. उसाशिवाय काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं पाणी तापवलं होतं. मी आंघोळ न करताच निघालो. इंदापूरला गाडी बदलली, पळसदेवला उतरलो, घर विचारत गेलो. लेक दारात जाळं वाळत घालत होती. केस पिकलेत तिचे. वर बघून म्हणाली, "कोण पायजे?"

ओळखलं होतं तिनं.

"पाणी दे," म्हणालो.

तिनं तांब्या भरून आणला. हातात दिला नाही. उंबऱ्याबाहेर ठेवला आणि आत गेली. मी वाकून उचलला आणि उभ्यानंच सगळा प्यालो.