दहाचा ॲव्हरेज

माझा थोरला भाऊ जहाजावर होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो सुट्टीवर रत्नागिरीत आला तेव्हा लष्कराच्या लिलावातली लांब, पेट्रोलवर चालणारी जीप विकत घेऊनच. मागे समोरासमोर बाकं टाकून दहा माणसं बसत. निवळीवरून गणपतीपुळ्याला भाविकांच्या फेऱ्या करायच्या आणि समुद्र कायमचा सोडायचा, असा बेत होता. अडचण एकच होती. गाडी लिटरला सहा किलोमीटर देत होती.

“दहाचा ॲव्हरेज मिळाला तर मी घरी,” दादा म्हणाला. “नाही मिळाला तर मे संपायच्या आत पुन्हा जहाज.” वहिनी तिथेच होत्या.

मी तेव्हा एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. नोंदी ठेवायचं काम मी मागून घेतलं. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुन्हा भरताना लिटर लिहायचे. वहीत दोनच रकाने होते. दादा गाडी चालवताना रस्ता बघे आणि फार तर वेगाचा काटा. आकडे माझ्याकडे.

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मिस्त्रीने पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं. वहीत नऊ आले. पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट पुळ्याच्या रस्त्याला लागत नव्हता. तो काढला. सव्वानऊ. पण डिझेलचं इंजिन जड, आवाज फार, आणि पन्नासच्या पुढे गाडी नुसती ओरडायची. मिस्त्रीने मागच्या ॲक्सलमधली दातेरी चक्रांची जोडी बदलायचं सुचवलं. तो तिला नुसतं क्राउन म्हणे. “इंजिन कमी फिरेल, चाक तेवढंच फिरेल. दहा सोडा, वर जाल.”

क्राउन बदलला. वहीत आठ पूर्णांक तीन आले.

पुन्हा टाकी भरली. आठ पूर्णांक एक. मिस्त्रीने नोझल साफ केले, पंप खोलून पुन्हा लावला, हवेचा फिल्टर नवा टाकला. दादाने टपावरचा लोखंडी कॅरिअर उतरवला, टायरमध्ये हवा वाढवली. आठ पूर्णांक तीन. मी बेरीज-भागाकार दोनदा तपासत असे. भागाकार बरोबरच असे.

“डिझेल पितेय की सांडतेय?” दादा मिस्त्रीला म्हणाला.

“भाऊ, गाडी झक्कास ओढते. हातखंब्याच्या चढाला एस्टीला मागे टाकलंत ना काल?”

“टाकलं. काटा पंचेचाळीसवर होता.”

“मग काटा नका बघू.”

“काटा नको, वही नको. मग बघू काय, तुझं तोंड?”

मिस्त्री स्पॅनर ठेवून चहाला निघून गेला. दोन दिवस त्याने गाडीला हात लावला नाही.

त्याच आठवड्यात वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, गाडी हल्ली पुळ्याहून लवकर येते. पूर्वी हे यायच्या वेळेला मी चहा करून ठेवायची. आता आधण यायच्या आत हे दारात असतात.”

“वहिनी, मीटर खोटं बोलत नाही,” मी म्हणालो.

एप्रिलअखेर दादाने वही मागितली. शेवटची चार पानं पाहिली, परत दिली. पुढच्या आठवड्यात लांज्याच्या एका काजू कारखानदाराला जीप विकली आणि त्यानंतर चार दिवसांनी तो मुंबईला जहाज कंपनीच्या ऑफिसात गेला. करार एक वर्षाचा होता.

जूनमध्ये बातमीसाठी लांज्याला गेलो. कारखान्याच्या फाटकात जीप उभी होती. मालकाने स्वतःहून विषय काढला. “तुमच्या भावाला कळवा, गाडी बेष्ट आहे. फक्त मीटर कमी दाखवतो. इथून रत्नागिरी चाळीस किलोमीटर. हा गाढव बत्तीस म्हणतो.”

“लिटरला किती देते?”

“दहाच्या वर. मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजले.”

मीटरची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते. ती तिथून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजते, चाकांचे नाही. क्राउन बदलला की तेवढ्याच रस्त्याला शाफ्ट कमी फिरतो. चाळीसचे बत्तीस होतात आणि काटा पंचेचाळीसवर असताना गाडी खरं तर छप्पन्नने पळत असते. मिस्त्रीला हे माहीत असायला हवं होतं. मला दगड माहीत होते. त्या रस्त्याने मी किती वर्षं जात होतो.

जोडी बदलल्यानंतरचा प्रत्येक आकडा मी त्याच फाटकात उभा राहून सव्वापट केला. पहिल्याच टाकीला दहाच्या वर होतो.

संध्याकाळी वहिनींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. “मी चहाचं म्हटलं होतं,” एवढंच त्या म्हणाल्या. मग विचारलं, “त्यांना लिहिणार?”

लिहिलं. चूक छापली गेल्यावर खुलासा देतात तसं, चार ओळींत. चूक कोणाची, तेही लिहिलं.

दोन महिन्यांनी कुठल्याशा बंदरातून उत्तर आलं. “त्या कारखानदाराला सांग, मीटर दुरुस्त करून घे. नाहीतर तोही विकेल.” बाकी पत्र घरच्या चौकशीचं होतं. वहिनींनी ते वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे खोचलं. करार संपायला अजून नऊ महिने होते.