मोबाईललाही कुंकू लावलं

बायांनो, आज पिंप्राळ्याच्या आमच्या घरात डिग्री आली, तीही मोबाईलवर! सून वैशाली बी.कॉम. झाली. कॉलेज खाजगी, शिकणं-परीक्षा बठ्ठं ऑनलाइन.

शेजारची अक्का म्हणे, "पैसा भरा का लगेच भेटस अशी डिग्री." वैशालीचं तोंड एवढंसं झालं.

मी म्हटलं, "अक्का, फी भरली, पण परीक्षा काय फीनं दिली?"

भाकरी थापताना वैशालीच्या कानात इअरफोनवर सर शिकवायचे. मला वाटायचं माहेरी बोलते. मी रोज टोमणे मारले, तिनं एकदाही उलटून उत्तर दिलं नाही.

मग आज तिला ओवाळलं, मोबाईललाही कुंकू लावलं. ती हसत-रडत म्हणे, "आई, डिग्री दिसत नाही आता!"

माफी मात्र तोंडातच राहिली. सुनेची माफी तुम्ही कशी मागितली गं?