आसेगावनं खाल्लेला शिरा

कारंज्यात गाद्या भरणाऱ्या युसूफचे गुडघे आता बोलायला लागले होते. आठवडाभर कापूस पिंजून छाती भरायची, आणि रविवारी हा बाबा हॉकीच्या गोलात उभा. तालुक्यातल्या स्पर्धेची फायनल एकदा तरी खेळायची, एवढाच त्याचा हट्ट. पण दरवर्षी ऐनवेळी कुठंतरी माशी शिंकायची. हे शेवटचं वर्ष, असं त्यानं बायकोला, अन्वरीला, कबूल केलं होतं.

यंदा आसेगावला हरवलं की फायनल पक्की, हरलं की खेळ खलास. आसेगाव तर सगळे सामने हरून केव्हाच बाहेर पडलेलं.

"ते तं नुसते फिरायले आले चाचा," कप्तान तनवीर म्हणाला. हा युसूफचा पुतण्या. त्यानं सामन्याआधीच मैदानामागं जिंकल्याच्या शिऱ्याची मोठी डेग चढवली होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! युसूफला ते पटलं नव्हतं, पण थकलेला माणूस किती जणांशी भांडणार?

खेळ सुरू झाला आणि कारंज्याची पोरं बिचकली. चेंडू आला की जो तो दुसऱ्याकडं ढकलायचा, चुकलं तर आपल्या माथी नको म्हणून. आसेगाववाले कुठूनही मारत होते, हुकले की हसत होते. त्यांच्या जगदेवनं असाच एक फटका हाणला. युसूफ वाकेपर्यंत चेंडू आत. तेवढ्या एका गोलानं कारंजा हरलं.

पण हरलो तरी पाहुण्यांची पंगत आधी, ही कारंज्याची रीत. वाढायला युसूफच उभा राहिला. जीव नुसता जळत होता.

"आज कसे काय खेळले रे तुमी?" त्यानं जगदेवला विचारलं.

"आमचं जायाचं ते पयलेच गेलं होतं, युसूफभाई. आता चुकलं तं कोन पुसते? तुमचे पोट्टे तं चेंडूले भेऊन राह्यले होते."

युसूफनं त्याच्या ताटात आणखी शिरा वाढला.

पुढच्या रविवारी कारंज्याचा शेवटचा सामना कामरगावात, कामरगावशीच होता. कामरगावला फायनलसाठी जिंकायलाच हवं होतं. कारंज्याला काहीच नको होतं.

"आता कायले जायाचं चाचा?" तनवीर कुरकुरला. युसूफनं पॅड काखेत मारले आणि एसटीत जाऊन बसला.

त्या दिवशी म्हातारा पुढं येऊन अंगावर चेंडू घेत होता, पोरांना शिव्या घालत होता, मधेच हसतही होता. कामरगावला एकही गोल करता आला नाही. सामना बरोबरीत सुटला. त्यांची पोरं मैदानातच डोकं धरून बसली. टाळ्या वाजवायला कारंज्याचं कुणी आलंच नव्हतं.

परतीच्या गाडीत तनवीर त्याच्या शेजारी येऊन बसला.

"चाचा, असे पयले काहून नाई खेळले तुमी?"

युसूफनं पॅड मांडीवर घेतले.

"भेव होतं रे," तो म्हणाला. "सारी उमर भेव होतं."