हौशीरामभाऊ बोटीवर जेवले

माझी शाळा डिंभे धरणाच्या पलीकडच्या काठावर, एका वाडीत आहे. रस्त्यानं जायचं तर पाण्याला वळसा घालून दीड तास लागतो, लाँचनं वीस मिनिटं. त्यामुळे गेली सहा वर्षं माझी प्रत्येक सकाळ हौशीरामभाऊंच्या हाती आहे. लाँच त्यांचीच. साठी ओलांडली आहे, अंगानं काटक, डोक्याला टोपी आणि पाय कायम अनवाणी. चपला लाँचच्या फळीखाली ठेवलेल्या असतात. अनवाणी पायाला इंजिनाची थरथर कळते, असं त्यांचं म्हणणं.

पाणी अडलं तेव्हा ते तिशीच्या आत होते. घर आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. नवं घर वर डोंगराच्या कुशीत बांधलं. पण बाजार घोडेगावचा, दवाखाना घोडेगावचा, आणि मधे हे एवढं पाणी. मग त्यांनी आधी वल्ह्याची होडी घेतली, पुढे डिझेलची लाँच. नवऱ्या मुली, तापलेली पोरं, रेशनचं धान्य, शेरडं, आम्ही मास्तर-बाया, सगळं त्यांनीच इकडून तिकडं नेलं. एक बाळंतपण तर लाँचवरच झालं. कधी कधी मधेच सुकाणू न सोडता ते सांगतात, "बाई, आत्ता आपण आमच्या खाचरावरनं चाललोय." सांगताना आवाजात दुःख नसतं, एखाद्यानं आपलं घर दाखवावं तसं सांगतात.

त्यांचे दोन नियम आहेत. निघताना आणि उतरताना माणसं मोजायची. आणि लाँचवर जेवायचं नाही. बायको साळुबाई डबा देते, तो काठावर लाँच बांधल्यावरच उघडायचा. त्यांची लेक तेजस्विनी लहान असताना दुपारी डबा घेऊन काठावर यायची आणि बाप येईपर्यंत तासतासभर दगडावर बसून राहायची. तेव्हाच ती म्हणायची, "बाबा, मी मोठी झाले ना, की तुमाला बोटीत बसवून जेवू घालीन. तुमी चालवायची न्हाई, नुसतं बसायचं."

तेजस्विनी आता कल्याणला नर्स आहे. नवरा मोहित तिथंच एका कारखान्यात आहे. गेल्या डिसेंबरात भात झोडून घरात आल्यावर तिचा फोन आला. नाताळच्या सुट्टीला या, मुंबईच्या बंदरात मोठी बोट फिरवून आणते, जेवण बोटीवरच असतं, जागा धरून ठेवल्यात.

हौशीरामभाऊ म्हणाले, "अगं, पाण्याला कुटं सुट्टी असती?"

साळुबाईंनी फोन हिसकावून घेतला. "आमी येतोय. तू त्यांचं काय बी ऐकू नको."

लाँच दोन-तीन दिवस पुतण्याकडे, पप्पूकडे सोपवली गेली. हौशीरामभाऊंनी त्याला इंजिनाबद्दल इतक्या सूचना दिल्या की शेवटी तो म्हणाला, "काका, तुमी जाताय का मी जाऊ?" मग दोघं नवरा-बायको जुन्नरहून कल्याणच्या एसटीत बसले. साळुबाईंच्या पिशवीत नाचणीच्या भाकरी होत्या, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी होती, आणि लेकीसाठी तांदूळ.

पंचवीस तारखेला सकाळी जावयाच्या गाडीतून सगळे बंदरावर गेले. धक्क्यावर शिरताना एका पोरसवदा रखवालदारानं पिशवी उघडायला लावली. बाहेरचं खाणं चालणार नाही म्हणाला. साळुबाईंनी चटणीची डबी वर धरली. "हे औषध हाये. ह्यांच्या पोटाचं."

"आणि भाकरी?"

"औषध नुसतं कसं घ्यायचं?"

तो हसला आणि त्यानं जाऊ दिलं.

बोट दुमजली होती. खाली काचा लावलेलं थंडगार दालन, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, प्रत्येक ताटाशेजारी एक लाल गोंड्याची टोपी. एक मुलगी माइकवर गाणी म्हणत होती. साळुबाईंनी आंबाड्यावर लाल टोपी चढवली आणि खुर्चीत मांडी घालून बसल्या. हौशीरामभाऊ मात्र दारातच उभे राहिले. ओठ हलत होते.

"बाबा, काय करताय?" तेजस्विनीनं विचारलं.

"एकशेचौदा. तान्ही पोरं धरून." मग त्यांनी वाढप्याला गाठलं. "भाऊ, तरंगायची जाकिटं कुटं ठिवलीत?"

वाढप्यानं बाकाखाली दाखवली. हौशीरामभाऊंनी वाकून तीही मोजली. पुरेशी होती. तेव्हा कुठे ते येऊन बसले.

बोट सुटली. काचेबाहेरून मालाची जहाजं जात होती, घरांएवढी उंच. मोहितनं सासऱ्यांच्या ताटात मासा वाढून आणला. तळलेला, वर लिंबाची फोड. समोर फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सागराची खास मेजवानी. हौशीरामभाऊंनी एक घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला.

"पावणं," ते जावयाला म्हणाले, "ह्यो समुद्रातला न्हाई."

"असं कसं? समुद्रातच तर आहोत आपण."

"आपण हाये. ह्यो न्हाई. ह्यो गोड्या पाण्यातला, पिंजऱ्यात वाढवलेला. बघा कसा लिबलिबीत लागतोय. आमच्याकडं सुदिक आता असलंच पाळत्यात."

मोहितनं वाढप्याला विचारलं. वाढपी इकडं तिकडं बघत हळूच म्हणाला, "बासा आहे, सर. गोड्या पाण्यातलाच."

साळुबाई पोट धरून हसल्या. "म्हणजे धरणावरनं एवढ्या लांब आलो ते धरणातलाच मासा खायला!"

शेजारच्या टेबलावरचीही माणसं हसली. तेजस्विनी मात्र जरा हिरमुसली. महिनाभर आधीपासून तिनं हे सगळं ठरवलं होतं. बाबांच्या लक्षात आलं. ते घाईघाईनं म्हणाले, "चांगला हाये गं, लई चांगला हाये," आणि उरलेला मासा खायला लागले. तेवढ्यात एक भलंमोठं जहाज जवळून गेलं, त्याच्या लाटा आडव्या आल्या, आणि बोट संथपणे डुलायला लागली. धरणात वारं सुटलं की लाँच उडते, आपटते, पण असं हळूहळू वर जाऊन हळूहळू खाली येणं हौशीरामभाऊंच्या पोटाला माहीत नव्हतं. त्यातून बसले होते ते पाठमोरे, बोट जाते त्याच्या उलट तोंड करून. चेहरा पांढरा पडला.

"बाबा, मळमळतंय का? गोळी देऊ?"

तीस वर्षं लाँच चालवलेल्या माणसाला बोटीत मळमळावं, याचीच त्यांना जास्त लाज वाटली. "जरा वारं खाऊन येतो," एवढंच बोलून ते जिना चढून वर गेले.

वरचा मजला उघडा होता. ऊन होतं, वारा होता, पांढरे पक्षी बोटीमागे घिरट्या घालत होते. हौशीरामभाऊंनी चपला काढून हातात घेतल्या, पाय फाकवून उभे राहिले आणि लांबवर नजर लावली. दोन मिनिटांत पोट ठिकाणावर आलं.

पुढच्या केबिनच्या खिडकीतून कुणीतरी हाक मारली. "काका, कुठली बोट तुमची?"

बोट चालवणारा सारंग होता तो. हुसेनभाई नाव, श्रीवर्धनचा, पन्नाशीचा, दाढी पांढरी झालेला.

"तुमाला कसं कळलं?" हौशीरामभाऊंनी विचारलं.

"इथं सगळे कठडा धरून उभे राहतात. तुम्ही चपला काढल्यात. या आत."

केबिनमध्ये त्यांना दाराशी उभं राहायला जागा मिळाली. सुकाणू हुसेनभाईंच्याच हातात होतं. हौशीरामभाऊंनी ते मागितलं नाही, हुसेनभाईंनी देऊ केलं नाही. तसली गोष्ट विचारायची नसते, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण बोलणं सुरू झालं ते थांबेना. इंजिन कितीचं, डिझेल किती खातं, तळाला शेवाळ धरतं का.

"तुमच्याबरोबर माणसं किती?" हुसेनभाईंनी विचारलं. "दोरीला कोण, इंजिनाला कोण?"

"मीच की."

"आणि सुकाणूला?"

"त्येला बी मीच."

हुसेनभाईंनी मान हलवली. "आणि भरती-ओहोटी? धरणात काय असणार म्हणा."

"असती की. पावसाळ्यात एक भरती, उन्हाळ्यात एक ओहोटी. वर्साला येकेक. पर ओहोटी आली का लाँच अर्ध्या मैलावर चिखलात थांबती, आन् बायांना पाठुंगळी घ्यावं लागतं."

हुसेनभाई एवढे मोठ्यानं हसले की खालचा खलाशी वर बघायला आला.

थोड्या वेळानं घारापुरी बेटाच्या आडोशाला, शांत पाण्यात बोट उभी केली. प्रवाशांना निवांत जेवता यावं म्हणून रोज तिथं अर्धा तास थांबतात. खाली गुलाबजाम निघाले होते. हुसेनभाईंनी सुकाणू दुसऱ्या माणसाच्या ताब्यात दिलं आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिथं आडोशाला खलाशांचं जेवण मांडलं होतं, एका मोठ्या पातेल्यात ओल्या बोंबलांचं लालभडक कालवण, दुसऱ्यात भात.

"काका, खालचा मासा खाल्लात?"

हौशीरामभाऊंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. पाहुण्यानं यजमानाच्या ताटाला नाव कसं ठेवायचं?

"बोला की. मी नाही खात तो," हुसेनभाई म्हणाले. "बसा. हा सकाळी धक्क्यावर आलाय."

दोरखंडाच्या जाड वेटोळ्यावर हौशीरामभाऊ बसले. हातात स्टीलची थाळी आली. पहिल्या घासालाच त्यांनी डोळे मिटले. बोंबील तोंडात विरघळला, मागून तिखट आलं, त्यामागून चिंच.

"आता लागला समुद्र," ते म्हणाले.

एवढ्यात साळुबाई वर आल्या, डोक्यावर लाल टोपी, खांद्याला पिशवी. नवरा सापडेना म्हणून शोधत आल्या होत्या. त्या जिन्याच्या तोंडाशीच थबकल्या.

"अवो! तुमी खलाशांत बसून बोटीवर जेवताय?"

"मग? मी कुटं चालवतोय?"

साळुबाईंनी थाळीत वाकून पाहिलं, वास घेतला, आणि तिथंच फतकल मारून बसल्या. पिशवीतून भाकरी काढल्या, चटणीची डबी काढली. पाच खलाशी होते. त्यांनी नाचणीच्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून खाल्ला आणि एकमेकांकडे पाहिलं. हुसेनभाईंनी खुरासणीची चटणी बोटावर घेऊन चाखली. "हे काय आहे, वहिनी?"

"औषध," साळुबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या.

सगळ्यांत शेवटी तेजस्विनी आली. खाली टेबलावर चार ताटं तशीच पडलेली, नवरा एकटा बसलेला, आणि आईबाप गायब. जिना चढताना ती रागातच होती. लहानपणापासून मनात धरलेलं जेवण असं फसलं, असं तिला वाटत होतं. वर येऊन पाहते तर बाप दोरखंडावर बसून बोटं चाटतोय, पाच परक्या माणसांना आपल्या गावचा चिखल वर्णन करून सांगतोय, आणि आई एका दाढीवाल्या सारंगाला भाकरीचं पीठ कसं मळायचं ते हातवारे करून दाखवतेय.

"तेजू, ये," हौशीरामभाऊंनी सरकून जागा केली. "तू म्हणली व्हतीस ना, नुसतं बसायचं. बघ, बसलोय."

नवा ड्रेस, शिवाय हातात उरलेल्या तीन लाल टोप्या. ती क्षणभर उभी राहिली. मग टोप्या कठड्याला अडकवल्या, ड्रेस सावरला आणि बापाच्या शेजारी टेकली. बापानं बोंबलाचा काटा काढला, भाताबरोबर कालवला आणि तिच्या तोंडात घास घातला. नर्स झालेल्या, लग्न झालेल्या लेकीला, पाच खलाशांसमोर. तिनं तो खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते कालवण तिखट होतं म्हणून, असं तिनं नंतर आईला सांगितलं. मोहित वर आला तेव्हा पातेल्याचा तळ दिसायला लागला होता. त्याच्यासाठी एक बोंबील साळुबाईंनी थाळीखाली झाकून ठेवला होता.

बोट परत फिरली. हौशीरामभाऊ कठड्याशी उभे राहून पाणी बघत राहिले. या पाण्याखाली कुणाचं शेत नाही, असं ते साळुबाईंना म्हणाले. साळुबाई म्हणाल्या, "म्हणूनच खारट हाये ते," आणि गाण्याचा कार्यक्रम संपायच्या आत पुन्हा खाली गेल्या. तिथं त्या नाचल्यासुद्धा. हे मात्र हौशीरामभाऊंनी मला सांगितलं नाही, पुढे गावी आल्यावर तेजस्विनीनं फोनवरचा व्हिडिओ दाखवला.

धक्क्यावर उतरताना हुसेनभाईंनी खाली येऊन हात मिळवला. हौशीरामभाऊ त्यांना घरच्यांसकट धरणावर या म्हणाले. शिमग्याच्या आधी या, नंतर चिखल असतो.

हे सगळं मला कळलं सत्तावीस तारखेच्या सकाळी. सुट्टी संपवून मी काठावर आले तर हौशीरामभाऊ लाँचवर हजर होते. आम्ही सात जण चढलो. त्यांनी इंजिन सुरू केलं, आणि मी सहज विचारलं, "काय भाऊ, मुंबईला काय खाल्लं?"

रखवालदारापासून त्यांनी सुरुवात केली. निम्म्या पाण्यात आलो तेव्हा गोष्ट बासा माशापर्यंतच पोचली होती. मग त्यांनी इंजिनाचा वेग कमी केला. बोंबलाच्या कालवणाशी आलो तेव्हा तो आणखी कमी केला. काठावर माझी पोरं रांगेत उभी दिसत होती, हात हलवत होती. मीही त्यांना हात हलवला आणि ऐकत राहिले. त्या दिवशी शाळा वीस मिनिटं उशिरा भरली.