दोन रिसाले आणि दादांचा पाय

आमच्या हैदराबादच्या कॉलेजात शिकवणं उर्दूतून चाले, त्यामुळं शास्त्राच्या नियतकालिकांनाही सगळे रिसाले म्हणत. अंक इंग्रजीत असला तरी टेबलावर आला की तो रिसाला. लढाईचे दिवस होते. विलायतेचे अंक बोटीनं येत, कधी सहा महिने उशिरा, कधी येतच नसत. वाचनालयातल्या त्या लांब टेबलाशी बसायचं धाडस मला पहिलं वर्षभर झालं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. तिथं बसणारी मुलं वकिलांची, तहसीलदारांची. पान उलटताना त्यांचा आवाज होत नसे. माझा होई.

दुसऱ्या वर्षी मी बसू लागलो. प्राणिशास्त्राच्या एका अंकात मला आमची बारव सापडली.

आमची म्हणजे नाव नव्हतं. पण दख्खनच्या पायऱ्यांच्या विहिरी, त्यांतलं हिरवट पाणी, त्या पाण्यात राहणारी डोळ्याला जेमतेम दिसणारी पाणपिसू, असं सगळं त्यात होतं. बार्शीजवळच्या वाशीकडं असलेल्या आमच्या गावात लहानपणापासून मी जे पाणी प्यालो, तेच होतं ते. आणि पुढं नारू होता. आता शहरातल्या पुष्कळांना नारू ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. उन्हाळ्यात पायाला फोड येतो, तो फुटतो, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर येऊ लागतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. हातभर असतो, जास्तही असतो. आग इतकी होते की माणूस जाऊन बारवेच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसतो. आमच्याकडं दर उन्हाळ्यात खालच्या पायरीवर अशी चार-सहा माणसं बसलेली असत, आणि त्यांच्या शेजारून बायका घागरी भरून नेत.

लेखात लिहिलं होतं की पाय पाण्यात बुडला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो, ती पिल्लं पाणपिसू खाते, आणि ती पिसू पाण्याबरोबर आपण पितो. वर्षानं नारू आपल्या पायातून निघतो. म्हणून पाणी फडक्यानं गाळून प्यावं आणि नारू झालेल्याला विहिरीत उतरू देऊ नये. एवढी दोन वाक्यं माणसांविषयी होती. त्यानंतर लेख पुन्हा पाणपिसवेकडं वळला, तिच्या पायांवरच्या केसांकडं. मी ती दोन वाक्यं इतक्यांदा वाचली की पाठ झाली. आपल्या गावचं पाणी कुणीतरी इतक्या लांब बसून बघितलं, याचाच मला आनंद झाला होता.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा दादा बारवेतच भेटले. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. वडील गेल्यावर मोट त्यांनीच धरली आणि मला शाळेत त्यांनीच घातलं. उजव्या पायाला, गुडघ्याखाली आतल्या बाजूला नारू आला होता. काडीला वीतभर गुंडाळलेला होता. पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात.

मी तिथंच पायरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं.

"नारूवर बुक लिवलंय?" शेजारी पाय सोडून बसलेले एक म्हातारबा म्हणाले. "मंग नारूला वाचून दावा की. त्येला तरी कळंल."

सगळे हसले. दादा हसले नाहीत. त्यांनी पाय वर घेतला आणि विचारलं, "म्हंजी म्या हितं बसलो तर त्या पोरीच्या घागरीत त्येची पिल्लं जात्यात?"

"व्हय."

"दिसत न्हाईत ती."

"दिसत न्हाईत, दादा. भिंगातून दिसत्यात."

त्यांनी घागर भरणाऱ्या पोरीकडं बघितलं. मग लंगडत वर आले आणि पुन्हा बारवेत उतरले नाहीत. त्या दिवसापासून घरात पाणीही धोतराच्या घडीतून गाळायला लागलो. मला फार बरं वाटलं. माझ्या शिकण्याचा घरात पहिल्यांदा काही उपयोग झाला, असं वाटलं.

पण पायाची आग थांबेना. मायनं फडकं भिजवून आणलं. "निदान ओलं गुंडाळून ठेव. तुझ्या बापालाबी म्या असंच करायची."

दादा म्हणाले, "नगं. पाणी मिळालं की त्यो पिल्लं सोडतो म्हनं. मंग पानीच द्यायचं न्हाय. हरळीला काय करतो आपन? उन्हाळ्यात खोल नांगरायचं आन् मुळ्या उन्हात वाळू द्यायच्या. पानी दिलं की फुटली. ह्येलाबी वाळवायचा."

"हरळी रानात असती, तुझ्या पायात न्हाय," माय म्हणाली.

मग दादांनी माझ्याकडं बघितलं. "तुझ्या बुकात पानी लावा म्हून लिवलंय का?"

मी आठवून बघितलं. लिहिलेलं नव्हतं. "न्हाय," मी म्हणालो.

"मंग."

मायनं फडकं पिळून कुडावर टाकलं. लेखात नारू कोरडा ठेवा असंही कुठं नव्हतं. त्या लेखाला दादांच्या पायाशी काही करायचंच नव्हतं. पण जे छापलेलं नाही ते करायचं नसतं, असंच आम्हा दोघांना वाटलं. छापलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्याची सवय आमच्या घराला नवीनच होती.

दादा दिवसभर पाय उन्हात धरून बसत. दात आवळून बसत, पण बसत. नारू वाळला, सुतळीसारखा कडक झाला. एके सकाळी काडी फिरवताना तो तुटला आणि उरलेला आत ओढला गेला. संध्याकाळपर्यंत गुडघा भोपळ्याएवढा झाला. ताप चढला.

आमचं गाव हैदराबाद संस्थानात, आणि बार्शी म्हणजे तेव्हा इंग्रजांचा मुलूख. दवाखाना तिथं होता. बैलगाडीत कडबा पसरून दादांना निजवलं. सरहद्दीच्या नाक्यावर गाडी उभी करून कडबा उपसून बघितला गेला, तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "बघा बाबा, पायाखालीबी बघा." डॉक्टरांनी चिरा दिला, पू काढला. पाय वाचला. गुडघा मात्र धरला तो धरलाच.

डॉक्टर जखम बांधता बांधता विचारत होते, "कोरडा कुणी ठेवला हा?"

"म्याच," दादा म्हणाले.

"अहो, बादलीत पाय बुडवून बसायचं. नारू ओला राहिला की सैल पडतो, सरळ निघतो. मग ते पाणी विहिरीपासून लांब फुफाट्यात ओतून द्यायचं. हे तर छापून आलंय."

मी विचारलं, कुठं? त्यांनी वैद्यकाच्या एका रिसाल्याचं नाव सांगितलं. मी वाचलेल्या अंकाच्याच सालचा तो अंक होता.

हैदराबादला परतलो तो सरळ मेडिकल कॉलेजच्या वाचनालयात गेलो. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. दारातल्या कारकुनानं मला आत घेतलं नाही. आमच्या प्राध्यापकांची चिठ्ठी हवी होती. प्राध्यापकांनी ती दिली. देताना म्हणाले, "वहाँ क्या करते मियाँ? वो अपना पढ़ते, हम अपना पढ़ते."

अंक मिळाला. डॉक्टर म्हणाले होते ते सगळं त्यात होतं. बादली, ओली पट्टी, हळूहळू गुंडाळणं, कोरडा पडला तर तुटतो हा इशारा. पाणपिसवेचा उल्लेख एका ओळीत. आमच्या लेखाचा कुठं उल्लेख नव्हता, आणि आमच्या लेखात ह्याचा नव्हता. दोन्ही लेखक एकाच भागात हिंडले असावेत, कारण विहिरींची वर्णनं सारखीच होती.

मी दोन्ही लेखांतलं जमेल तेवढं एकत्र करून दोन पानांचं टिपण लिहिलं. इंग्रजी माझं कच्चं, म्हणून दोनदा नक्कल केली. प्राध्यापकांना दाखवलं, आमच्या प्राणिशास्त्राच्या रिसाल्याकडं पाठवता येईल का म्हणून. त्यांनी नीट वाचलं. ते वाईट माणूस नव्हते.

"इसमें नया क्या है? दोनों बातें तो छप चुकीं."

मी टिपण परत घेतलं. दोन्ही गोष्टी छापलेल्या होत्या, हे खरंच होतं.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते टिपण मी दादांना मराठीत वाचून दाखवलं. ते बाजेवर होते, पाय काठीसारखा सरळ पुढं. मोटेचे बैल हाकायला धावेवर आता गडी होता.

"दोनी बुकं एकाच सालची?"

"व्हय."

"आन् एकाच शहरात व्हती?"

"व्हय, दादा."

"बांधावरनं हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं की रं," दादा म्हणाले.

त्यांनी मला बारवेच्या वरच्या पायरीपाशी, लिंबाखाली, तोंड फुटून निम्माच उरलेला एक रांजण ठेवायला लावला. मी भरून दिला. दादा रोज त्याच्याजवळ बसून खाली हाका मारत, "वर या, हितं पाय बुडवा, थंडगार हाय." कुणी येत नव्हतं. ते मागच्या उन्हाळ्यातले म्हातारबा एकदा वर बघून म्हणाले, "बुकाचं ऐकून तुझा पाय लाकूड झाला, आन् आता आमाला बोलावतूस व्हय?" तो पाय सगळ्यांना दिसत होता. रांजणातलं पाणी दुपारी कोमट होई, मग मी ते लिंबाच्या आळ्यात ओतून पुन्हा भरत असे.

त्याच उन्हाळ्यात मायच्या घोट्याला नारू आला. गाळायला लागण्याआधी प्यालेल्या पाण्याचा असणार. ती येऊन रांजणापाशी बसली आणि पाय आत सोडला. दादांनी आपला पाय बाजूला सारून तिच्यापुढं बैठक मारली, काडी घेतली, आणि रोज थोडा थोडा असा तो नारू सबंध काढला, न तुटता. रांजणातलं ते पाणी मी रोज लांब फुफाट्यात नेऊन ओतलं.

खालच्या पायरीवरून माणसं बघत होती. त्यांचे पाय पाण्यातच होते.